बांधकाम परवानगीचं अपील जिल्ह्यातच ऐकलं जावं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरात दर आठ-पंधरा दिवसांनी अनधिकृत बांधकामांवर हातोडा पडल्याची बातमी असते, फोटोत जेसीबी, बाजूला पोलीस, आणि मोबाईलवर बातमी उघडली की खाली सगळ्यांचं एकच, परवानगी न घेता बांधलंच कशाला म्हणून. प्रश्न चुकीचा नाहीये. पण ह्या बांधणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांनी आधी परवानगी मागितली होती, ती नाकारली गेली, आणि पुढे काय करायचं ते त्यांना कुणी सांगितलंच नाही, हे मात्र बातमीत कधी येत नाही. मी बरीच वर्षं एका लायसन्सधारक इंजिनियरच्या ऑफिसात परवानगीच्या फायली लावायचं काम करतो, त्यामुळे नामंजुरीची पत्रं रोज हाताखालून जातात, म्हणून लिहितोय. बिल्डर लोकांबद्दल हे पत्र नाही, त्यांची सोय त्यांना बरोबर करता येते. दोन-तीन गुंठ्यांत घर बांधणाऱ्या माणसाबद्दल आहे.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगतो, कारण हे नगरसेवकांनाही माहीत नसतं (खरंच नसतं, विचारून बघा). महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम 1966, ज्याला आपण सगळे एमआरटीपी म्हणतो, त्याच्या कलम 44 खाली आपण परवानगी मागतो आणि कलम 45 खाली नगरपालिका किंवा महापालिका ती देते, अटी घालून देते किंवा नाकारते. 60 दिवसांत काहीच कळवलं नाही तर परवानगी मिळाली असं धरलं जातं, अर्थात प्लॅन नियमात बसत असेल तरच. आणि नाकारली किंवा जाचक अटी घातल्या तर कलम 47 खाली अपील करता येतं, आदेश कळवल्यापासून 40 दिवसांत, राज्य सरकारकडे किंवा सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. ऐकायला छानच आहे. प्रत्यक्षात ह्याचा अर्थ मुंबई.

आता एक प्रकरण सांगतो, गाव आणि नगरपरिषद सांगत नाही. एसटीतून रिटायर झालेले एक गृहस्थ, मंजूर लेआउटमधला तीन गुंठ्यांचा प्लॉट, बँकेचं लोन पास झालेलं. लेआउटच्या नकाशावर समोरचा रस्ता 9 मीटरचा, स्वच्छ लिहिलेला. साइट बघायला आलेल्या माणसानं टेप लावला तो ह्या घराच्या ओट्यापासून समोरच्या घराच्या ओट्यापर्यंत. दोन्हीकडचे ओटे रस्त्यात आलेले, एकाची तर संडासाची टाकी पण रस्त्यातच, मग टेपवर 9 कसे भरणार? पत्र आलं, एका ओळीचं, "रस्त्याची आवश्यक रुंदी उपलब्ध होत नसल्याने प्रस्ताव अमान्य करण्यात येत आहे." म्हणजे अतिक्रमण शेजाऱ्यांचं आणि परवानगी नाकारली ज्यानं अतिक्रमण केलं नाही त्याची. कुणीही शहाणा अधिकारी जागेवर येऊन, हातात लेआउटची कॉपी धरून, दहा मिनिटांत हा विषय मिटवू शकला असता.

पण अपील कुठे, तर मुंबईला. वकील करा, वकिलाचा जाण्यायेण्याचा खर्च द्या, रात्रीची गाडी पकडा, सकाळी उतरून कुठंतरी तोंड धुवा, आणि पोचल्यावर कळतं साहेब बैठकीत आहेत, पुढची तारीख कळवू. ह्या गृहस्थांनी एका ओळखीच्या माणसाला विचारलं, त्यानं सांगितलं की निकाल कधी लागेल ते विचारू नका. त्यांनी अपील केलंच नाही. लोनचा हप्ता काही थांबत नव्हता, त्यांनी खालचा मजला बांधला, मग मुलाचं लग्न ठरलं म्हणून वरचा, आणि आता त्यांच्या हातात कलम 53 ची, म्हणजे बांधकाम पाडायची, नोटीस आहे. म्हणजे सरकारी कागदावर ते अनधिकृत बांधकाम करणारे झाले. असे किती असतील?

हे सांगायचं कारण, आपल्याकडे अनधिकृत बांधकाम हा लोकांच्या बेशिस्तीचा विषय समजला जातो, अपीलाची सोय नसणं हे त्यामागचं कारण असू शकतं असं कुणी म्हणत नाही. मग दर काही वर्षांनी सरकारच माघार घेतं. गुंठेवारीचा, म्हणजे परवानगीशिवाय पाडलेल्या छोट्या प्लॉटांचा, कायदा 2001 ला आला, 1 जानेवारी 2001 च्या आधीच्या बांधकामांसाठी, आणि 2021 ला दुरुस्ती करून तीच तारीख 31 डिसेंबर 2020 पर्यंत आणून ठेवली. मध्ये 2017 ला एमआरटीपीत कलम 52अ घालून 2015 अखेरपर्यंतची काही अनधिकृत बांधकामं पैसे भरून नियमित करायची सोय केली. म्हणजे दाराने आत येऊ द्यायचं नाही आणि खिडकीतून आलेल्याकडून नंतर तिकिटाचे पैसे घ्यायचे. त्यात ज्यानं नियमानं अर्ज केला आणि नकार आल्यावर गप्प बसला, तो सगळ्यात मूर्ख ठरतो, कारण शेजारचा बांधून मोकळा झालेला असतो आणि उद्या नियमितही होणार असतो.

महसूल खात्याशी तुलना करून बघा म्हणजे गंमत कळेल. सातबाऱ्यावरचा फेरफार तुमच्या विरोधात गेला, तर अपील प्रांताकडे, तुमच्याच उपविभागात, एसटीनं जाऊन संध्याकाळी घरी परत. तिथून पुढे अपर जिल्हाधिकारी, तेही जिल्ह्याच्याच गावी. त्या सुनावण्याही रखडतात, त्यांचंही फार कौतुक नको, पण निदान दार कुठे आहे ते माणसाला माहीत असतं आणि वकील तालुक्यातला चालतो. म्हणजे वीस एकर जमिनीचा वाद प्रांत ऑफिसात चालतो आणि तीन गुंठ्यांतल्या दोन खोल्यांचा वाद थेट राज्य सरकारकडे! गडचिरोलीच्या माणसानं जिन्याच्या आणि साइड मार्जिनच्या (प्लॉटच्या कडेला सोडायच्या मोकळ्या जागेच्या) भांडणासाठी हजारेक किलोमीटर जायचं हे कुणाच्या डोक्यातून आलं असेल? 1966 साली शहरं थोडी होती, परवानगी मागणारे थोडे होते, तेव्हा चाललं असेल.

आणि इथं मला सगळ्यात जास्त राग येतो तो ह्यासाठी की कायदा बदलायचीही गरज नाही. कलम 47 च म्हणतं की सरकार अधिकारी नेमू शकतं, फक्त तो उपसचिवापेक्षा कमी दर्जाचा नको. एवढीच अट आहे. मग विभागीय आयुक्तालयात त्या दर्जाचा एक अधिकारी फक्त ह्याच कामाला नेमा की. सहा महसुली विभाग आहेत, सहा अधिकारी. त्यांनी महिन्यातून ठरलेल्या दिवशी जिल्ह्याच्या गावी येऊन बसावं, नगररचनेचं सहायक संचालकांचं ऑफिस बहुतेक जिल्ह्यांत आहेच, रेकॉर्ड तिथंच मिळेल, आणि जेवणानंतर दोन-चार जागा स्वतः बघून याव्यात. गेल्या वर्षी, ऑगस्ट 2025 मध्ये, हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापूरला सुरू झालं, सहा जिल्ह्यांच्या लोकांची मुंबईची वारी वाचली. हायकोर्ट कोल्हापूरला येऊ शकतं तर ओट्याच्या मापाचं भांडण जिल्ह्याच्या गावी का येऊ शकत नाही?

दुसरी गोष्ट मुदतीची. अर्जदाराला 40 दिवस, एक दिवस उशीर झाला की माफीचा अर्ज आणि त्यावर वेगळी सुनावणी. पण अपील किती दिवसांत निकाली काढायचं ह्याबद्दल कलम 47 मध्ये एक अक्षर नाही. माहिती अधिकारात बघा, पहिलं अपील 30 दिवसांत, फार तर 45 दिवसांत निकाली काढायचं असं कायद्यातच लिहिलंय. पाळतात का, तर नेहमी नाही, पण बोट ठेवायला जागा तरी आहे. इथं तीही नाही.

त्यात हल्ली सगळं ऑनलाइन झालंय. ऑनलाइनला माझा विरोध नाही, उलट फाईल कुठल्या टेबलावर आहे ते दिसतं हे चांगलंच झालं, पूर्वी फाईल "सापडत नाही" असायची. पण अर्ज जातो इंजिनियरच्या किंवा आर्किटेक्टच्या लॉगिनमधून, त्रुटी तिथेच येतात, नामंजुरीही तिथेच येते. घरमालकाला ती कळते इंजिनियरनं सांगितली तर, आणि इंजिनियर बाहेरगावी असला, किंवा मालकाशी फीवरून वाजलेलं असलं, किंवा आमच्यासारख्या ऑफिसात कामाच्या गर्दीत राहून गेलं, तर 40 दिवसांतले किती उरले देव जाणे. "कळवल्यापासून" म्हणजे कुणाला कळवल्यापासून? मालकाच्या मोबाईलवर मराठीत मेसेज आणि रजिस्टर पोस्टानं पत्र, दोन्ही पाहिजेत, आणि मुदत त्या पत्राच्या पोचेपासून धरली पाहिजे.

आणि पत्रात काय असावं? कायद्यानं नकाराची किंवा अटीची कारणं द्यावीच लागतात. पण "युडीसीपीआरनुसार अनुज्ञेय नाही" हे काही कारण झालं का हो? युडीसीपीआर म्हणजे बांधकामाची एकत्रित नियमावली, ती 2 डिसेंबर 2020 ला मंजूर झाली, मुंबई आणि आणखी काही ठिकाणं सोडून अख्ख्या राज्याला लागू आहे, जाडजूड पुस्तक आहे, त्यातला कुठला नियम, किती कमी पडतंय, काय केलं तर बसेल, हे तीन ओळींत लिहायला काय जातं? माझा अनुभव असा की नीट कारण लिहून आलं तर पाचातली तीन प्रकरणं अपीलापर्यंत जातच नाहीत, प्लॅन दुरुस्त करून परत टाकला जातो आणि विषय संपतो. आणि पत्राच्या तळाशी अपील कुणाकडे, कुठल्या पत्त्यावर, किती दिवसांत, फी किती, हे छापलेलं पाहिजे. माहिती अधिकाराच्या उत्तरात अपिलीय अधिकाऱ्याचा तपशील देणं कायद्यानं बंधनकारक आहे, तेच इथं करायचं, नवीन काही शोधायचं नाहीये.

सगळ्या अपीलांना समोरासमोर सुनावणी लागते असंही नाही. रस्त्याची रुंदी, मार्जिन, पार्किंग, जिना, असल्या विषयात दोन्ही बाजूंचं लेखी म्हणणं, फोटो, नकाशा आणि एक साइट व्हिजिट पुरते. इंग्लंडमध्ये बहुतेक प्लॅनिंग अपीलं अशीच लेखी म्हणण्यावर चालतात, इन्स्पेक्टर जागा बघतो आणि कारणांसकट निर्णय वेबसाइटवर टाकतो, आणि घरमालकानं परवानगीसाठी केलेल्या अशा अपीलाला फी पण नाही. बाहेरच्या देशाचं उदाहरण दिलं की लोक म्हणतात त्यांची लोकसंख्या किती आणि आपली किती, ठीक आहे, मग आपल्या महारेराचं, बिल्डरविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या प्राधिकरणाचं घ्या, 2017 पासून तक्रार ऑनलाइन घेतात, करोनापासून व्हिडिओवर सुनावणी झाली, आदेश वेबसाइटवर सापडतात. घर विकत घेणाऱ्याला जी सोय तीच घर बांधणाऱ्याला का नको. ज्याला व्हिडिओ जमत नाही त्यानं जिल्ह्याच्या ऑफिसात येऊन तिथल्या स्क्रीनसमोर बसावं.

निकाल वेबसाइटवर टाकणं हे मला तर फार महत्त्वाचं वाटतं. आज एका अपीलात काय ठरलं ते पुढच्या माणसाला कळत नाही, तोच ओट्याचा प्रश्न शेजारच्या तालुक्यात परत पहिल्यापासून. निकाल दिसायला लागले की खालचे अधिकारीही सांभाळून लिहितील आणि "वरून करून आणतो" म्हणणाऱ्या दलालांचं दुकान बंद पडेल. ते दुकान चालतंच मुळी अंधारावर.

आता शेजाऱ्याचा विषय, हा जरा अवघड आहे. कलम 47 खाली अपील फक्त अर्जदाराला. तुमच्या खिडकीला चिकटून समोरच्यानं सात मजल्यांची परवानगी आणली, प्लॅनमध्ये दाखवलेला रस्ता जागेवर नाहीच, तरी तुम्हाला अपील नाही. तक्रार अर्ज द्या, पोच घ्या, आणि मग हायकोर्टात रिट. त्याचा खर्च सोसायटी मिळून करू शकते, वाड्यात भाड्यानं राहणारा नाही करू शकत. शेजाऱ्यालाही अपील द्या म्हटलं की आमच्या व्यवसायातले लोक लगेच म्हणतात, मग प्रत्येक बांधकामावर एकेक हरकतवाला उभा राहील आणि तोडपाणी सुरू होईल. ही भीती खोटी नाही, मीही असले महाभाग पाहिलेत, अर्ज द्यायचा आणि संध्याकाळी हॉटेलात भेटायला बोलवायचं. आयर्लंडमध्ये शेजाऱ्याला अपीलाचा हक्क आहे, आधी कौन्सिलकडे हरकत नोंदवलेली पाहिजे, मग चार आठवड्यांत अपील आणि त्याला फी, आणि तिथंही पैसे घेऊन हरकत मागे घ्यायचे प्रकार निघालेच. तरीपण माझं म्हणणं, लगतच्या जागेच्या मालक-भाडेकरूंना, फक्त त्यांना, कमी मुदतीत, लेखी, आणि एकदा दिलेली हरकत कारण न देता मागे घेता येणार नाही अशा अटीवर हा हक्क द्यावा. तोडपाणी आजही होतंय, फक्त आज खऱ्या त्रास असलेल्याला रस्ता नाही आणि खोट्याला आहे.

विकास आराखड्याच्या हरकतींचं तर विचारूच नका. ते तांत्रिकदृष्ट्या अपील नाही हे मला माहितीये, पण सामान्य माणसाच्या दृष्टीनं आपल्या जागेवर आरक्षण पडलं त्याविरुद्ध दाद मागायची ती एकच जागा. पीएमआरडीएचा, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा, प्रारूप आराखडा 2021 ला आला, साठ हजारांवर हरकती आल्या. हिशोब करा, एका हरकतीला तीन मिनिटं धरली तरी साठ हजारांना 3000 तास लागतात, म्हणजे रोज आठ तास न उठता बसलं तरी 375 दिवस. पुढे 2025 ला सरकारनं तो आराखडाच रद्द केला. लोकांनी गट नंबर शोधून, झोन दाखले काढून, अर्ज टाइप करून, रांगेत उभं राहून दिलेल्या हरकतींचं काय झालं मग? मुंबईचा 2034 चा आराखडा 2015 ला पहिल्यांदा आला तेव्हा उभ्या इमारतींवरून रस्ते आखलेले निघाले होते, ते लोकांनी नकाशे उघडून बघितले म्हणून निघालं, शेवटी तो नव्यानं करावा लागला आणि मंजूर व्हायला 2018 उजाडलं. म्हणजे हरकत घेणारा माणूस खरं तर फुकटात चूक शोधून देत असतो. त्याला काय मिळतं, तर सुनावणीला नंबर पुकारतात, "लिहून दिलंय ना? मग झालं", आणि पुढचा नंबर. मान्य झाली की नाही, नाही तर का नाही, हे त्याला पत्रानं कळवत नाहीत, सुधारित नकाशा लागला की भिंगानं आपलाच गट शोधायचा. एका गटावरच्या, एका रस्त्यावरच्या सगळ्या हरकती एकत्र करून, त्या प्रभागातच जागेवर सुनावणी ठेवली आणि प्रत्येकाला कारणासकट दोन ओळी कळवल्या तर वेळही वाचेल आणि निम्मे लोक कोर्टात जायचे थांबतील. नियोजन समितीत तज्ज्ञ घ्यायची तरतूद आहेच, त्यांना नुसतं खुर्चीवर बसवण्यापेक्षा फिरवा.

आमच्याच धंद्याबद्दलही एक बोलतो, इंजिनियर-आर्किटेक्ट लोक अपीलाच्या फंदात पडत नाहीत कारण उद्या त्याच ऑफिसात दुसरी फाईल घेऊन जायचं असतं, साहेबाशी वाकडं कोण घेणार. म्हणून मालकाला स्वतः भरता येईल असा एका पानाचा साधा मराठी फॉर्म पाहिजे. नाव, प्लॉट, नामंजुरीचा नंबर आणि तारीख, माझं म्हणणं, जोडलेले कागद. बस.

आता आपल्या पेपरला एक विनंती. आपले प्रतिनिधी प्रत्येक जिल्ह्यात आहेत. कलम 47 खालची किती अपीलं आज प्रलंबित आहेत, कुठल्या जिल्ह्यातली, सगळ्यात जुनं कुठल्या तारखेचं, आणि गेल्या पाच वर्षांत निकाली निघालेल्यांना सरासरी किती दिवस लागले, एवढे चार प्रश्न माहिती अधिकारात नगरविकास खात्याला विचारा आणि जे उत्तर येईल ते जसंच्या तसं पहिल्या पानावर छापा. उत्तर आलं नाही तर तेही छापा. मी स्वतः विचारलं असतं, पण वर म्हटलं तसं, मलाही उद्या त्याच ऑफिसात फाईल घेऊन जायचंय, म्हणून नाव छापू नये ही विनंती.

आपला,
एक वाचक, लातूर जिल्हा